भरतकामाची उलटी बाजू

दर दिवाळीला, वसुबारसेच्या दिवशी, आमच्या घरी माळ्यावरचा एक पत्र्याचा डबा खाली उतरतो. डब्यात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले एक तोरण असते. वर वीतभर रुंदीची भरलेली पट्टी आणि तिला लोंबणारी, आंब्याच्या पानांसारखी नऊ पाने. कापड एके काळी काळे असावे. आता ते उन्हात राहिलेल्या छत्रीसारखे झाले आहे. पाचव्या पानावरचा एक आरसा निखळला आहे, आणि त्याच्या जागी दोऱ्याचे रिकामे कडे उरले आहे. हे तोरण आईने १९७८ साली मुंबईला कोटातल्या फुटपाथवर बसलेल्या एका कच्छी बाईकडून घेतले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि आईचा पदर धरून उभा होतो. त्या खरेदीतली एक गोष्ट मला अजून स्पष्ट आठवते. आईने किंमत विचारण्यापूर्वी तोरण उलटे केले आणि मागची बाजू बोटांनी चाचपून पाहिली. ती बाई हसली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली की दारावर लावताना हे पुढूनच दिसणार आहे. आई म्हणाली, ‘‘पुढून काय, सगळीच छान दिसतात.’’

त्या वेळी मला आईचा हा चिकटपणा वाटला. पुढे कलेविषयी वाचू-लिहू लागलो तेव्हा कळले, की ती भरतकामाची पहिली आणि सर्वांत प्रामाणिक समीक्षा होती. पुढची बाजू काय केले आहे ते दाखवते. ते कसे केले, किती दोरा खर्ची घातला, कुठे हात थकला आणि कुठे सावरला, हे मागची बाजू सांगते. या लेखात मी आईचीच रीत वापरणार आहे. कच्छच्या भरतकामाची पुढची बाजू आपण सर्वांनी पाहिली आहे. तेव्हा ते जरा उलटे करून पाहू.

या भरतकामाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते दोनच सुरांत असते. एक सूर कौतुकाचा: केवढे रंग, केवढे आरसे, आणि अक्षरओळख नसलेल्या बायकांची केवढी ही प्रतिभा! दुसरा सूर हळहळीचा: ही कला आता लोपत चालली, यंत्राने घात केला. दोन्ही सुरांत प्रेम आहे. पण प्रत्यक्ष कापडाकडे पाहणे दोन्हींत नाही. समोरची वस्तू चांगली की मध्यम, तिच्यात नेमके काय साधले आणि काय हुकले, हे कोणी म्हणतच नाही. कवितेबाबत आपण असे वागत नाही. उद्या कोणी ज्ञानेश्वरांची ओवी, मोरोपंतांची आर्या आणि रामजोशांची लावणी एकाच गाठोड्यात बांधून तिला नुसते ‘मराठी पद्य’ म्हणू लागला, तर आपण त्याला हसू. पण ‘कच्छी काम’ हा शब्द उच्चारताना आपण नेमके हेच करत असतो.

आपल्या घरांतही ‘कच्छी टाका’ माहीत आहे. उभे-आडवे लांब टाके घालून घ्यायचे आणि मग सुई कापडात न खुपसता त्या टाक्यांच्या खालून-वरून ओवत न्यायची. शाळेच्या शिवणाच्या तासाला हा टाका घातला नाही अशी आई वा मावशी विरळा. त्यामुळे कच्छमध्ये सगळ्या बायका हाच एक टाका घालीत असाव्यात असा आपला गोड समज असतो. वस्तुस्थिती अशी आहे, की तिथे जमातीजमातीचा हात निराळा आहे. आणि तो इतका निराळा, की जाणत्या बाईला चोळीचा तुकडा दाखवला तर ती कोणाच्या घरची आहे हे सांगू शकते.

दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा रांगोळीचीच उपमा घेतो. आपल्या अंगणात दोन प्रकारच्या रांगोळ्या निघतात. एक ठिपक्यांची: आधी ठिपके मोजून मांडायचे, मग त्या हिशेबात राहून आकृती काढायची. दुसरी चैत्रांगणासारखी: गोपद्मे, शंख, चंद्र-सूर्य, तुळशीवृंदावन अशी चिन्हे आपल्या अंदाजाने मांडत जायची. कच्छच्या भरतकामाचेही ढोबळ मानाने असे दोन पंथ आहेत.

ठिपक्यांच्या पंथातले सर्वांत कडक शिस्तीचे काम म्हणजे सूफ. ते सोढा राजपूत आणि मेघवाळ बायकांचे. यांतली कित्येक कुटुंबे १९७१ च्या युद्धानंतर सिंधमधल्या थरपारकर भागातून कच्छमध्ये आली. सूफमध्ये कापडावर खडूची रेघसुद्धा ओढत नाहीत. कापडाचे उभे आणि आडवे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर त्रिकोण उभे करायचे. त्रिकोणांतून मोर, फूल, सबंध चौक. विशेष हे, की भरणारी बाई काम करते ते कापडाच्या मागच्या बाजूने. नक्षी उमटते पलीकडे, तिच्या नजरेआड. एक धागा चुकला तर पुढची सगळी आकृती तिरकी होते. ज्या काळात तिच्या हाती पाटी-पेन्सिल दिली गेली नाही, त्या काळात ही बाई मनात भूमिती सोडवत होती.

याच पंथातले दुसरे काम खारेक. आपल्या ओळखीच्या खारकेचेच हे नाव. आधी काळ्या दोऱ्याने चौकटी आखून घ्यायच्या आणि मग खारकेच्या आकाराच्या लांबट पट्ट्या दाट टाक्यांनी भरायच्या. कापड दिसेनासे होते. उरते ती केवळ रंगांची वीण. गरासिया जाट बायकांच्या झग्याचे पुढचे गळपट्टही असेच मोजणीचे असते, फुली टाक्याने गच्च भरलेले, मध्ये बारीक आरसे. बन्नीच्या गवताळ प्रदेशातल्या मुतवा बायका तर एवढे चिमुकले आरसे लावतात, की ते आरसे न वाटता कापडावर सांडलेले पाण्याचे थेंब वाटावेत.

दुसऱ्या, चैत्रांगणाच्या पंथात अहीर आणि रबारी येतात. अहीर हे शेती करणारे, गुरे पाळणारे लोक. त्यांच्या कामात मोर, पोपट, हत्ती, फुले वळणदार रेषेत येतात. रेषेत कुठे घाई नसते. घर बांधून राहिलेल्या माणसाचा निवांतपणा तिच्यात आहे. रबाऱ्यांविषयी पुढे सविस्तर लिहायचे आहे.

या दोन्ही पंथांबाहेरचे तिसरे काम म्हणजे मोची भरत. हे बायकांचे नव्हे, चामड्यावर काम करणाऱ्या पुरुषांचे. टोकाला आकडी असलेल्या आरीने घातलेली साखळी, रेशमी दोरा, नाजूक फुलझाडे. भुजच्या दरबारासाठी हे काम होत असे, आणि संग्रहालयांतून पाहुणे सर्वांत जास्त थबकतात ते याच्यासमोर. त्याची सफाई निर्विवाद आहे. तरीही मला ते तिसऱ्या पायरीवर ठेवावेसे वाटते, आणि त्याचे कारण सांगितले पाहिजे. मोची भरतात रेषा आधी ठरलेली असते. टाका तिच्यामागून आज्ञाधारकपणे जातो. रंगाऱ्याने कुंचल्याने जे केले असते तेच कारागीर आरीने करतो, आणि किती हुबेहूब केले यावर त्याची प्रतिष्ठा ठरते. सूफमध्ये वा रबारी कामात मात्र टाकाच आकृतीला जन्म देतो. टाका बदलला तर मोरही बदलेल. कुठल्याही माध्यमात श्रेष्ठ कृती ती, जी दुसऱ्या माध्यमात नेता येत नाही. या कसोटीवर दरबारापेक्षा झोपडी सरस ठरते. आणि हे मी झोपडीच्या कळवळ्यापोटी म्हणत नाही.

आता आमच्या तोरणाकडे येतो. ते रबारी हातचे आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. रबारी ही उंट, शेळ्या-मेंढ्या, गुरे चारणाऱ्यांची जमात. शंकराने आपल्याला उंट राखण्यासाठी निर्माण केले, असे ते सांगतात. कच्छमध्ये त्यांच्या तीन शाखा आहेत: काछी, ढेबरिया आणि वागडिया. बायकांचा वेष काळ्या लोकरीचा. ज्या प्रदेशात मैलोगणती जमीन करडी, आकाश पांढरे आणि माणूस काळ्या वस्त्रात, तिथे रंग राहणार कुठे? ते सगळे सुईच्या वाटेने कापडावर आले असावेत, असे मला ही कामे पाहताना नेहमी वाटते.

रबारी भरताचा कणा म्हणजे साखळी टाका. आधी साखळीने आकृतीची कड घालायची, मग आत आरसा बसवायचा, मग उरलेली जागा भरायची. आरशाला भोक नसते आणि डिंकही लावत नाहीत. आरशावरून दोन उभे आणि दोन आडवे धागे ताणून एक चौकट करायची. मग कडेने काजासारखा टाका घालत ती चौकट चहूबाजूंनी बाहेर खेचायची. चौकटीचे वर्तुळ होते आणि आरसा त्या कोंदणात घट्ट बसतो. आमच्या तोरणातला आरसा निखळून पडला तरी कडे शाबूत राहिले, ते या रीतीमुळे. पूर्वी अभ्रकाच्या चकत्या लावत. पुढे गुजरातेत कपडवंजला फुगवलेल्या काचेचे तुकडे होऊ लागले. मशीनने कापलेला आरसा सपाट असतो आणि एकाच दिशेला चमकतो. जुना फुगीर तुकडा मात्र पणतीची ज्योत हलली की तिच्याबरोबर हलतो. ज्यांच्याकडे जुने तोरण असेल त्यांनी लक्ष्मीपूजनाच्या रात्री विजेचा दिवा क्षणभर मालवून पाहावे.

इतर जमातींत आरसा बहुधा गोल असतो. रबारी बाईला गोल, त्रिकोणी, चौकोनी, लांबट, सगळे चालतात, आणि त्या आकारांवरून ती चित्र ठरवते. विंचू, पोपट, डोक्यावर घागरी घेतलेली पाणीवाली, उंट, देऊळ, काटेरी बाभूळ ही तिची मुळाक्षरे. ती हुबेहूब नसतात. विंचवाची नांगी वळली आणि पाय फुटले की विंचू पुरा झाला. बाभळीचे काटे म्हणजे चार तिरके टाके. अनवाणी चालणाऱ्याला काट्याची जेवढी ओळख पुरते तेवढीच कापडावर येते. हा संक्षेप अज्ञानातून आलेला नाही. जे रोजचे आहे त्याचे वर्णन लांबवावे लागत नाही, एवढेच.

आमच्या तोरणात एक गंमत आहे. सातव्या पानावरच्या पोपटाचे अंग अर्ध्यावर पिवळ्याचे नारिंगी होते. असले काही दिसले की विक्रेते सांगतात, पूर्णता फक्त देवाची म्हणून कारागीर मुद्दाम एक चूक ठेवतो. ही कथा ऐकायला गोड आहे. पण मी तोरण उलटे केले तेव्हा मागे पिवळ्या दोऱ्याचे टोक दिसले, अगदी शेवटच्या इंचापर्यंत वापरलेले. दोरा संपला होता. त्या बाईने मग हाताशी असलेल्या रंगांतून पिवळ्याला सांभाळून घेईल असा रंग निवडला, आणि तोल जाऊ नये म्हणून आठव्या पानावरच्या फुलाच्या मध्यभागी तोच नारिंगी पुन्हा आणला. यात अध्यात्म नाही. यात कलावंताची जाण आहे, आणि ती मला अध्यात्माहून मोलाची वाटते.

इथवर सर्वांचे एकमत व्हायला हरकत नाही. पुढचा भाग अवघड आहे.

एप्रिल १९९५ मध्ये ढेबरिया रबाऱ्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींनी ठराव केला, की जमातीतल्या बायकांनी यापुढे आपल्या वापरासाठी हाताचे भरतकाम करू नये. ज्या कामासाठी जगातली संग्रहालये कपाटे सजवतात ते काम त्या जमातीने स्वतःच बंद केले. ही बातमी मी प्रथम वाचली तेव्हा संतापलो होतो. ग्रंथालय जाळणे आणि हे, यांत मला फरक दिसेना. मग कारण वाचले.

ढेबरिया मुलीने सासरी जाण्यापूर्वी आपले आणे स्वतः भरून पुरे करावे, अशी रीत होती: पोलकी, घागरे, ओढण्या, पिशव्या, गोधडीवरची आच्छादने, तोरणे, चाकळे. सुरुवातीला हे हौसेचे असेल. पण अपेक्षा वाढत गेली. शेजारणीच्या मुलीने एवढे नेले, तर आमच्याकडे त्याहून अधिक यावे. लग्न लहानपणीच झालेले असायचे. भरण पुरे होईना म्हणून मुलगी माहेरीच बसायची. तिशी उलटेपर्यंत संसार सुरू न झालेल्या बायका होऊ लागल्या. म्हणजे आपण ज्या दाट कामाला ‘वा’ म्हणतो, त्याचा दाटपणा एका मुलीच्या वर्षांतून काढलेला होता.

हे वाचल्यावर मला माझी आत्या आठवली. तिचे लग्न १९७५ साली झाले. मांडवाच्या एका बाजूला रुखवत मांडले होते. दुसुतीवर भरलेला मेजपोस, उशांचे अभ्रे, मण्यांचे तोरण, लोकरीचा ससा, काचेच्या चौकटीत ‘सुस्वागतम्’. वरपक्षाच्या बायका एकेक वस्तू उचलून पाहत होत्या, आणि माझी आजी पाठीमागे श्वास रोखून उभी होती. सात वर्षांच्या मला तो एक मजेचा बाजार वाटला. पुढे कित्येक वर्षांनी, मी भरतकामाविषयी काहीबाही लिहू लागलो तेव्हा, आत्याकडे गेलो असताना म्हणालो, ‘‘आत्या, तुझा हात एवढा सुंदर, तू नंतर काहीच कसं भरलं नाहीस?’’ ती पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, ‘‘बाराव्या वर्षापासून दुपारची खेळायला म्हणून गेले नाही रे. तू अंगणात गोट्या खेळायचास ना, तेव्हा खिडकीत बसून मी तो मेजपोस भरत होते. लग्न झालं, सुई ठेवली. आता माझ्यामागे कोण लागलंय?’’

तो मेजपोस तिच्या सासरी अजून आहे, आणि खरोखर सुंदर आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत, हीच माझी अडचण आहे. समीक्षकाने कृती पाहावी, कर्त्याची दुःखे उगाळू नयेत, असे आम्ही शिकलो. पण भरतकामात काळ हेच द्रव्य असते. चित्रात रंग लागतो, मूर्तीला दगड लागतो. भरतकामाला दोरा लागतो तो नाममात्र, खरी लागते ती दुपार. तेव्हा ही दुपार कोणाची होती, ती दिली गेली की घेतली गेली, हा प्रश्न कृतीच्या बाहेरचा राहत नाही.

मग ढेबरियांचा ठराव योग्य होता काय? मला वाटते, त्यांच्यापुढचा रोग खरा होता. पण उपाय सुईवर झाला. मूळ मागणी होती सासरच्या मंडळींची; बंदी आली बायकांच्या हातांवर. शिवाय ठराव वडीलधाऱ्यांनी केला. जिची कला, तिचे मत त्यात कितीसे होते? आत्याला कोणी रुखवताच्या धाकातून सोडवले असते तर तिने सुई ठेवलीच असती असे नाही. कदाचित तिने एखादा अभ्रा केवळ स्वतःसाठी भरला असता. सक्ती गेली असती आणि हौस उरली असती, असा तिसरा मार्ग होता. पण मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात बसून हा मार्ग सुचवणे सोपे आहे. आपल्या पोटच्या मुलीचे वय वाढताना पाहणाऱ्याला तो सुचला नाही म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

या बंदीतली खरी टोचणी निराळीच आहे. बंदी स्वतःच्या वापराच्या भरतकामावर होती, विकण्याच्या कामावर नव्हे. म्हणून ढेबरिया बायका मजुरीसाठी भरत राहिल्या. परिणाम असा, की तिच्या हातचे भरतकाम आमच्या दारावर झुलू शकते, तिच्या अंगावर नाही. ती परंपरा ‘जपावी’ असा आग्रह धरणारे आपण आहोत, आणि ती जपण्याची किंमत मोजणारे ते. पुढची बाजू आमच्याकडे आणि उलटी त्यांच्याकडे, अशी ही वाटणी आहे.

ठराव झाल्यावर बायकांनी काय केले, ही या कथेतली सर्वांत मनोरंजक गोष्ट. हाताचे भरण बंद म्हटल्यावर त्यांनी बाजारातून तयार फिती, लेस, नागमोडी गोटे, चमचमत्या पट्ट्या आणल्या आणि यंत्रावर कापडाला लावून टाकल्या. या कामाला हरी-जरी म्हणतात. ते बाजारात नेऊन त्याच्या पिशव्या देशभर पोचवणाऱ्या पाबीबेन रबारी यांचे नाव आज अनेकांना ठाऊक आहे. पहिल्यांदा हरी-जरी पाहिली तेव्हा मी नाक मुरडले. नायलॉनची चमक, भडक गुलाबी, तयार माल. हळहळीच्या सुरातला लेख मनात तयारही झाला.

मग पुन्हा आईची रीत आठवली, आणि कापड उलटसुलट करून नीट पाहिले. फितींचा क्रम पाहिला. रुंद पट्टीशेजारी अरुंद, तापलेल्या रंगाशेजारी थंड, आणि मध्ये काळ्याची एक रेघ मोकळी सोडलेली. आमच्या तोरणाच्या वरच्या पट्टीत नेमका हाच हिशेब आहे. दोरा बदलला होता, नजर तीच होती. तेव्हा हरी-जरी म्हणजे ऱ्हास हे माझे पहिले मत मी मागे घेतो. मात्र कौतुकाच्या भरात तिच्या उणिवा झाकणेही बरे नव्हे. तयार फितीला स्वतःची रुंदी असते आणि ती सरळ धावते. नांगीचे वळण, पोपटाची चोच, घागरीचा फुगवटा तिला घेता येत नाही. म्हणून हरी-जरीत पट्टे राहिले आणि प्राणी निघून गेले. जुन्या भरतात बाई काही सांगत होती. हरी-जरीत ती सजवते. सजावट उत्तम आहे, पण सांगणे गेले, हे म्हटलेच पाहिजे. उलट, ज्या कामाला वर्षे लागत ते आता दिवसांत होते आणि मुलगी वेळेवर आपल्या घरी जाते. हा लाभ कापडावर दिसत नाही, म्हणून तो हिशेबात धरायचा नाही काय?

परंपरा म्हणजे न बदलणारी गोष्ट, हा आपला आणखी एक समज. ज्यांनी अभ्रकाऐवजी काच घेतली, रेशमी दोऱ्याची जागा सुती आणि पुढे कृत्रिम दोऱ्याला दिली, युद्धानंतर नव्या मुलखात येऊन जुने त्रिकोण पुन्हा मांडले, त्या बायकांना बदल नवा नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात घरे कोसळली आणि त्यांच्याखाली कित्येक पेट्यांतली जुनी आणी गाडली गेली. त्यानंतरही सुया थांबल्या नाहीत. थांबवायचेच असेल तर परंपरेला आपल्या कौतुकाच्या काचपेटीत कोंडणे पुरेसे आहे.

कौतुकापलीकडे जाऊन काम करणाऱ्यांची दखल इथे घेतली पाहिजे. चंदाबेन श्रॉफ १९६९ साली दुष्काळात धानेटी गावी गेल्या. तिथल्या बायकांना फुकटचे अन्न नको होते, काम हवे होते, आणि त्यांतून ‘श्रुजन’ उभी राहिली. संस्थेने पुढे अजरखपूरला संग्रहालय उभारले. ते २०१६ साली खुले झाले. सुमरासरला १९९३ साली ‘कला रक्षा’ ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेहून आलेल्या ज्युडी फ्रेटर तिच्या संस्थापकांपैकी एक. रबाऱ्यांच्या भरतावरचा त्यांचा ग्रंथ, योगायोगाने, बंदीच्याच वर्षी, १९९५ मध्ये निघाला. ‘कला रक्षे’ने २००५ साली कारागिरांसाठी विद्यालय काढले. तिथला मूळ विचार मला फार महत्त्वाचा वाटतो: नक्षी शहरातल्या आरेखकाने काढायची आणि बाईने फक्त भरायची, ही रीत मोडून तिनेच आरेखन करावे. मजुरी हाताला मिळते; मान मिळायला डोके कोणाचे हे कळावे लागते.

आणि आपण मराठी लोकांनी एवढ्यावर समाधान मानून डबा पुन्हा माळ्यावर टाकू नये. यवतमाळ, वाशीम, नांदेडकडच्या तांड्यांत बंजारा बायका फेटिया-कांचळी नेसत आल्या. आरसे, कवड्या, नाणी आणि बारीक टाके यांनी ती कांचळी जडावलेली असे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडत. रबाऱ्यांप्रमाणेच, ज्यांना घर पाठीवर वाहायचे असते ते आपले ऐश्वर्य कापडावर ठेवतात. आज हा वेष तांड्यांतही प्रामुख्याने म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर दिसतो. तो आपण बाजाराच्या दिवशी शेकडो वेळा पाहिला आणि त्याला ‘लमाणी कपडे’ म्हणून पुढे गेलो. त्यांतला एखादा टाका ओळखून त्याचे नाव विचारणारे आपल्यात किती निघतील? कच्छपर्यंत जाणारी नजर यवतमाळच्या आठवडी बाजारात का अडखळते, याचे उत्तर ज्याने त्याने शोधावे.

आमच्या तोरणावर कोणाचे नाव नाही. लोककला ही निनावीच असते, असे आम्ही समीक्षक मोठ्या ऐटीत लिहितो. पण त्या बाईला नाव होते. १९७८ साली त्या फुटपाथवर ते विचारता आले असते. आईने भाव केला, टाका पाहिला, आणि नाव काही विचारले नाही. विकणारी तीच भरणारी होती की नव्हती, हेसुद्धा आम्हांला माहीत नाही. निनावीपणा हा तिच्या कलेचा गुण नव्हता. तो आमच्या खरेदीतला राहून गेलेला एक प्रश्न होता.

यंदा वसुबारसेला डबा उतरवला तेव्हा आत्या आमच्याकडे आलेली होती. तिला तोरण दाखवले. तिने चष्मा पुसला, तोरण हातात घेतले आणि काही न बोलता पहिल्यांदा उलटे केले. बराच वेळ बोटे फिरवत राहिली. सातव्या पानापाशी थांबली आणि म्हणाली, ‘‘इथं दोरा संपला बिचारीचा.’’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘सुई-दोरा आहे का रे घरात? हा पाचव्या पानावरचा आरसा बसवून देते.’’

आरसा बाजारातून आणलेला, सपाट. तरी तो त्या जुन्या कड्यात बसला. दोन-तीन टाके आत्याचे आहेत. ते पुढून कळत नाहीत, मागून कळतात. तोरण आता दारावर आहे.